पडदा कुठे आहे?

परवा देवपूरला घरी गेले होते. आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता, म्हणून रात्री सगळेच बाहेर जेवायला गेलो. नवीनच हॉटेल आहे (नाव नाही सांगत, फुकटची जाहिरात कशाला!). भिंतीवर प्लॅस्टिकची हिरवी पानं, त्यांत गुलाबी दिव्यांच्या नळीने लिहिलेलं काहीतरी इंग्रजी वाक्य, आणि त्यासमोर फोटो काढायला ताटकळलेल्या पोरी. टेबलावर मेनूकार्ड नाही. एका लाकडी ठोकळ्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचं चित्र तेवढं चिकटवलेलं. भाच्याने त्यावर मोबाईल धरला, यादी उघडली आणि आजीपुढे सरकवली. आईने चष्मा लावला, यादी न बघता इकडेतिकडे बघितलं आणि हळूच मला विचारलं, "इथे पडदा नाही का गं?"

भाचा खो खो हसायला लागला. त्याला कळलंच नाही ती काय विचारते आहे ते. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांना कळलं नसेल, म्हणून सांगते.

आमच्या लहानपणी हॉटेलात शिरलं की समोर बाकडी आणि टेबलं, तिथे पुरुष मंडळी. कोपऱ्यात प्लायवूडच्या दोन-तीन खोल्या, त्यांवर 'फॅमिली रूम' अशी पाटी आणि दाराला पडदा. बाईमाणूस बरोबर असेल तर थेट पडद्याआड. पोऱ्या आत येण्याआधी खोकायचा. आत पंखा नसायचा, उजेड जेमतेम, आणि मसाल्याचा वास कोंडलेला. आई लग्नानंतर पहिल्यांदा हॉटेलात गेली ती अशाच एका खोलीत, आग्रा रोडवर, आप्पांबरोबर. काय खाल्लं ते तिला आठवत नाही. पडद्याचा रंग मात्र आठवतो. आजी तर जन्मात कधी हॉटेलची पायरी चढली नाही. तिचं एकच, "घरमा भाकर शे ना, मंग हाटेलमा काबर जावानं?"

आजीचा प्रश्न मला तेव्हा कंजूषपणाचा वाटायचा. पण तिच्या आधीच्या पिढ्यांना विचारलं असतं, तर त्यांनी 'कशाला जायचं' याच्याही आधी 'कुणाबरोबर बसायचं' हे विचारलं असतं. बाहेर खाणं हा आपल्याकडे चवीचा प्रश्न फार उशिरा झाला. आधी तो पंगतीचा प्रश्न होता. १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये काही मोठी माणसं कार्यक्रमाला गेली आणि तिथे त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. 'पुणे वैभव' या पत्रात हजर असणाऱ्यांची नावं छापून आली आणि जो गहजब झाला, तो थेट शंकराचार्यांपर्यंत गेला. ग्रामण्य बसलं. शेवटी १८९२ मध्ये रानड्यांसारख्या माणसानेही प्रायश्चित्त घेतलं. एका कपासाठी! चहा कसा होता याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

पण शहरं वाढली, कोर्टकचेऱ्या आल्या, शाळा आल्या, आणि घरापासून लांब राहणाऱ्याला दोन घास मिळायलाच हवेत. धुळं तर तसंच वाढलेलं गाव. पेशवाई बुडाल्यावर कॅप्टन ब्रिग्जने इथे खानदेशचं मुख्य ठाणं केलं, व्यापाऱ्यांना आणून वसवलं. मग मुंबई-आग्रा रस्ता, आणि १९०० मध्ये चाळीसगावहून आलेली रेल्वे. परगावचा माणूस आला की खाणावळ आलीच. फक्त खाणावळीही जातीच्या होत्या, आणि महाराष्ट्रभर तशा पाट्याही असायच्या. रेल्वे स्टेशनावर 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' वेगळं. इंजिन एक, रूळ एक, तहान मात्र दोन प्रकारची.

आमच्या धुळ्याला ३१ जुलै या तारखेचं महत्त्व आहे. १९३७ मध्ये त्या दिवशी डॉ. आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्यात आले होते. त्यांचा मुक्काम लळिंगच्या लांडोर बंगल्यात होता. अजूनही दर वर्षी त्या दिवशी बंगल्याकडे माणसांची रीघ लागते. लहानपणी ती गर्दी बघताना मला वाटायचं, एका मुक्कामाचं एवढं काय? मोठी झाल्यावर राज्यघटनेतलं पंधरावं कलम वाचलं. त्याच्या दुसऱ्या भागात मोठमोठी तत्त्वं नाहीत, यादी आहे: दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, मग विहिरी, तलाव, घाट, रस्ते. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्यावरून कुणालाही तिथे अडवता येणार नाही. देशाच्या घटनेत हॉटेलांचा उल्लेख करावा लागतो, याचा अर्थ काय तो ज्याला हॉटेलच्या दारात अडवलं गेलं त्यालाच विचारायला हवा.

आप्पांनी मला एक गोष्ट त्यांच्या शेवटच्या दिवसांत सांगितली. त्याआधी कधीच नाही. साक्री तालुक्यातलं आमचं गाव. १९६२ साल. आप्पा आणि त्यांचा एक मित्र दोघंही मॅट्रिक पास झाले. आनंदात गावच्या हॉटेलात चहा प्यायला गेले. मित्र दलित वस्तीतला. हॉटेलवाल्याने आप्पांना आत बसायला सांगितलं. मित्राने काही न बोलता बाहेर पागोळीखाली खिळ्याला टांगलेला कप काढला, स्वतः विसळला आणि पुढे धरला. वरून चहा ओतला गेला. घटना येऊन बारा वर्षं झाली होती, अस्पृश्यतेचा कायदा येऊन सात. आप्पा म्हणाले, "आणि मी आत बसून प्यायलो. उठलो नाही."

एवढंच. पुढे दोघांनाही धुळ्यात नोकरी लागली. पगाराच्या दिवशी ते दोघं आग्रा रोडवरच्या हॉटेलात जायचे आणि रस्त्यावरून दिसेल अशा पहिल्याच टेबलावर बसायचे. पंखा मागे असला तरी पुढेच. आम्हाला वाटायचं आप्पांना रहदारी बघायची हौस आहे.

आता यातली मेख बघा. तेच आप्पा आईला घेऊन गेले की पडद्याआड बसायचे! मी एकदा आईला म्हटलंसुद्धा, तू का नाही म्हणालीस पुढे बसू या म्हणून? ती म्हणाली, "मला वाटायचं बायकांचं तेच टेबल असतं." पंधराव्या कलमात 'लिंग' हा शब्द आहे, तो आमच्या आग्रा रोडवर जरा उशिरा पोचला.

आणि तो पोचवला कुणी म्हणाल, तर थोडाफार शेवभाजीने. हसू नका. :) पूर्वी मुंबई-आग्रा महामार्गाची सगळी रहदारी धुळ्यातून, पांझरेवरून, देवपुरातून सोनगीरकडे जायची. नागपूर-सुरतचा रस्ताही धुळ्यातच येऊन मिळतो. रात्रभर ट्रक. ट्रकबरोबर ढाबे. ढाब्यावर खाट, आणि खाटेवर कोण कुणाच्या शेजारी बसतो हे रात्री दोन वाजता कुणी बघत नाही. शेवभाजी ही अशाच जागेची भाजी. भाजलेला कांदा, खोबरं आणि काळा मसाला वाटून झणझणीत रस्सा तयार ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की उकळी आणून वर जाड तिखट शेव टाकायची. आधी टाकली तर विरघळून पिठलं होतं. म्हणजे रात्री-अपरात्री कितीही माणसं येवोत, ताजी भाजी नाही म्हणून कुणाला परत पाठवायला नको. आमच्या घरी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी व्हायची, पण शेवभाजी खावी ती ढाब्यावरच, असं आप्पांचं मत. ढाब्यावर फॅमिली रूम कुठली? आई पहिल्यांदा उघड्यावर, चारचौघांत जेवली ती अशा एका ढाब्यावर, मामाच्या लग्नाहून परतताना. ठसका लागून डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती.

मधल्या काळात परमिट रूम आल्या, काळ्या काचा आल्या, 'फॅमिली गार्डन' आल्या. महामार्ग चौपदरी झाला, ट्रक गावाबाहेरून जायला लागले. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने महामार्गापासून पाचशे मीटरच्या आत दारू विकायची नाही असा निकाल दिला. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला तेव्हा तर कोणता रस्ता महामार्ग आणि कोणता नाही, यावर पानटपरीवर वकिली चालायची. असो.

मग २०२०. टाळेबंदी. ५ ऑक्टोबर २०२० ला महाराष्ट्रातली हॉटेलं निम्म्या गिऱ्हाइकांवर पुन्हा उघडली तेव्हा मेनूकार्डाला हात लावायचीही भीती वाटत होती. तेव्हा ती काळ्या-पांढऱ्या चौकटींची चित्रं टेबलावर आली. जपानमध्ये १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला शोधलेली युक्ती, ती आमच्या शेवभाजीची किंमत सांगायला लागली. मला त्याचं वावडं नाही. ज्याला वाचता येतं आणि ज्याच्याकडे फोन आहे त्याची सोयच झाली. पण पूर्वी पोऱ्या एका दमात पंधरा पदार्थ म्हणून दाखवायचा, तेव्हा अंगठेबहाद्दर माणूसही ऐटीत 'दोन प्लेट आण' म्हणायचा. त्याने आता काय करायचं?

आणि बाहेर जायचीही गरज नाही, ॲप आहे. घरबसल्या जेवण. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने जाहीर केलं की शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी वेगळा ताफा असेल, हिरव्या पोशाखातला, आणि त्यांच्या पेट्याही हिरव्या. दुसऱ्याच दिवशी टीकेमुळे वेगळा पोशाख मागे घेतला, सगळे लालच घालतील म्हणाले. ती बातमी वाचली तेव्हा मला स्टेशनावरचं 'हिंदू पाणी' आठवलं. आप्पा असते तर त्यांनी पेपर घडी करून ठेवला असता आणि बराच वेळ काही बोलले नसते.

तर, वाढदिवसाचं राहिलंच. पडदा नव्हता. मी आईला म्हटलं, कुठे बसायचं तू सांग. तिने सगळं हॉटेल न्याहाळलं आणि रस्त्याकडच्या काचेजवळचं टेबल दाखवलं. जेवण ठीकच होतं. शेवभाजीत साखर होती. (खानदेशात! देवपुरात! शेवभाजीत साखर!)

दुसऱ्या दिवशी भाच्याने आजीची समजूत काढायला ॲपवरून दुसरीकडची शेवभाजी मागवली. रस्सा एका डब्यात, शेव वेगळ्या पुडीत. आणणारा पोरगा घामाने निथळत होता. "आजी, पाणी मिळेल का?" आईने आपला नेहमीचा तांब्या-पेला आणला. "ये ना आत, बस जरा." तो म्हणाला, "नको आजी, बूट आहेत पायात," आणि उंबऱ्याबाहेर ओंजळ धरून उभा राहिला.

आईने पेला त्याच्या हातात दिला. मग आतून खुर्ची उचलून ओसरीत नेऊन ठेवली. पंच्याहत्तर वर्षांची बाई खुर्ची उचलते आहे म्हटल्यावर तो बिचारा बसला. पाणी प्यायला, दुसरा पेला मागून घेतला. खिशातला फोन सारखा वाजत होता. दोन मिनिटांत गेला.

आम्ही शेव रश्शात टाकली तोवर रस्सा गार झाला होता.