दिनविशेष : १७ मार्च १९३७
चवदार तळ्याचा निकाल

महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव करण्याची प्रथा अनादी काळापासूनची असल्याचे सवर्ण वादींना सिद्ध करता आले नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. ब्रूमफील्ड यांनी दिला. डॉ. आंबेडकर व सहकाऱ्यांविरुद्ध १९२७ पासून चाललेला दावा संपला. खटला दिवाणी, तळ्याचे पाणी घेणाऱ्या सत्याग्रहींवर लाठ्या चालवणाऱ्यांचा हिशेब त्यात नव्हता. तरी ‘पूर्वापार’ या शब्दालाच इथे पुरावा द्यावा लागला, हे फार मोठे. नाझी नेत्यांवरचा न्यूरेंबर्गचा खटला त्यानंतर आठ वर्षांनी उभा राहिला. इथल्या निकालासारखीच तिथेही नाकारता येणार नाही अशी नोंद मागे उरली. एकाच गावात पुन्हा शेजारी नांदायचे, तर अशी नोंद लागतेच. वरंध घाट उतरून महाडला येणाऱ्याने तळ्याकाठी थोडे थांबावे.