सेवानीचा १८९९ मधील फुटबॉल हंगाम : पराक्रम आणि अर्थकारण

क्रीडेतिहास हा आपल्याकडील इतिहास-संशोधनात उपेक्षित राहिलेला प्रांत आहे. वास्तविक, एखाद्या विद्यापीठाचा पैसा कोठून येतो आणि त्याची दारे कोणाला खुली असतात, याची साक्ष त्याचे मैदानही देते. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ या छोट्या शिक्षणसंस्थेच्या १८९९ मधील फुटबॉल हंगामाचा या दृष्टीने विचार केला आहे. ही संस्था गावाच्या नावावरून ‘सेवानी’ म्हणून ओळखली जाते. येथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ होय, हे प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे.

एपिस्कोपल पंथाच्या बिशपांनी १८५७ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या संघाने त्या हंगामात बारा सामने खेळले आणि बाराही जिंकले. संघाचे एकूण गुण ३२२, तर प्रतिस्पर्ध्यांचे अवघे १०. हे दहाही गुण जॉन हाइझमन यांच्या मार्गदर्शनाखालील ऑबर्नने मिळविले. तो सामना सेवानीने ११-१० असा जिंकला.

तथापि, हा हंगाम स्मरणात राहिला तो नोव्हेंबरमधील दौऱ्यामुळे. ९ तारखेला ऑस्टिन येथे टेक्सास (१२-०), १० ला ह्यूस्टन येथे टेक्सास ए अँड एम (१०-०), ११ ला न्यू ऑर्लिन्स येथे ट्युलेन (२३-०), रविवारची विश्रांती, १३ ला बॅटन रूज येथे लुइझियाना स्टेट (३४-०) आणि १४ ला मेम्फिस येथे मिसिसिपी (१२-०). म्हणजे सहा दिवसांत पाच विजय आणि एकाही प्रतिस्पर्ध्याला एकही गुण नाही. एकवीस खेळाडूंच्या या चमूने रेल्वेने सुमारे २,५०० मैलांचा प्रवास केला. पुढे चेंडू फेकण्यास त्या काळी परवानगी नव्हती, ती १९०६ मध्ये मिळाली. त्यामुळे खेळ म्हणजे मुख्यतः अंगावर अंग आदळणे. मैदान सोडलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे. हे ध्यानात घेतल्यावाचून या आकड्यांचे वजन कळत नाही. संघाने पिण्याचे पाणी पिंपांत भरून गावाहूनच नेले, अशी आख्यायिका आवडीने सांगितली जाते. आख्यायिकांना अशा हंगामात तोटा नसतो.

प्रश्न असा की, असा अमानुष कार्यक्रम आखला कोणी आणि का? प्रशिक्षक हर्मन सूटर आणि कर्णधार हेन्री सीबेल्स यांच्या कौतुकात या प्रश्नाकडे दुर्लक्ष होते. दौऱ्याची आखणी विद्यार्थी-व्यवस्थापक ल्यूक ली यांची होती. (हेच ली पुढे अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य झाले आणि १९१९ मध्ये पदच्युत जर्मन कैसरला हॉलंडमधून पळवून आणण्याच्या फसलेल्या प्रयत्नामुळे गाजले.) व्हँडरबिल्टशी तिकीट-उत्पन्नाच्या वाटणीवरून वाद झाल्याने त्या वर्षी तो हक्काचा सामना झाला नाही. बुडालेले उत्पन्न अन्यत्र मिळविणे भाग होते. एकाच प्रवासखर्चात पाच सामने बसविणे, हा त्यावरचा उपाय होता. प्रस्तुत लेखकाच्या मते, या दौऱ्याचे मूळ शौर्यापेक्षा जमाखर्चात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

‘दक्षिणेतील अजिंक्य संघ’ हे बिरुदही तपासून घ्यावे लागते. दौऱ्यातील पाचही प्रतिस्पर्धी संस्थांत, आणि खुद्द सेवानीतही, कृष्णवर्णीयांना तेव्हा प्रवेश नव्हता. कृष्णवर्णीय महाविद्यालयांमधील पहिला सामना उत्तर कॅरोलायनात १८९२ मध्येच झाला होता. परंतु या दोन विश्वांची मैदानावर गाठ पडणे शक्यच नव्हते. तेव्हा ही ‘दक्षिण’ निम्मीच होती.

पुढे हेच अर्थकारण सेवानीवर उलटले. १९३२ मध्ये ती साउथईस्टर्न कॉन्फरन्सची संस्थापक सदस्य झाली. पण सरकारी विद्यापीठांची विद्यार्थिसंख्या आणि क्रीडाखर्च अवाढव्य वाढला होता. त्या संघटनेतील सर्व ३७ सामने सेवानी हरली. खेळाडूंना पैसे देऊन संघ उभारण्यास कुलप्रमुख अलेक्झांडर गेरी यांचा विरोध होता. १९४० मध्ये सेवानी त्या संघटनेतून बाहेर पडली. आज ती खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या तृतीय श्रेणीत खेळते.