खेळण्यातल्या मोटारीचा हिशेब

शालेय विज्ञान प्रदर्शनात विजेवर धावणारी एखादी छोटी गाडी हमखास असते. तीन व्होल्टची मोटर, दोन सेल आणि चाकांच्या जागी बाटलीची झाकणे. गाडी पळाली की टाळ्या पडतात आणि परीक्षक पुढच्या टेबलाकडे वळतात. अशी गाडी जगात प्रथम पळाली तेव्हा पुढे काय घडले, हे पाहिले तर परीक्षकांनी तिथे थोडे अधिक थांबावे असे आम्हाला वाटते.

१८३३ साली अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यातील टॉमस डॅव्हनपोर्ट या लोहाराने खनिजातून लोह वेगळे करणारा विद्युतचुंबक पाहिला. तो विकत घेऊन त्याने उलगडला आणि तसेच आणखी चुंबक बनवले. तारांना वेष्टण हवे होते. त्यासाठी पत्नी एमिलीने लग्नातला रेशमी पोशाख फाडून दिला, असे सांगतात. १८३४ मध्ये त्याची मोटर फिरू लागली. प्रवाहाची दिशा योग्य क्षणी उलटवणारा दिक्परिवर्तक ही तिची खरी किल्ली. आजच्या खेळण्यातल्या मोटरीतही तो असतोच. १८३५ मध्ये डॅव्हनपोर्टने वर्तुळाकार रुळांवर छोटी गाडी चालवून दाखवली. त्याच वर्षी हॉलंडमधील ग्रोनिंगेन येथे प्राध्यापक स्ट्राटिंग आणि त्यांचे साहाय्यक बेकर यांनी टेबलावर धावणारी तीनचाकी बनवली.

डॅव्हनपोर्टला १८३७ मध्ये पेटंट मिळाले, पण पैसा मिळाला नाही. दोष मोटरीचा नव्हता, घटाचा होता. घटात जस्त खर्ची पडते. इंग्लंडमधील जेम्स जूल हा तरुण प्रथम विद्युत मोटरीवर फार आशा ठेवून होता. १८४१ च्या सुमारास त्याने हिशेब मांडला: एक पौंड जस्तातून मिळणारे कार्य, उत्तम वाफेच्या इंजिनात एक पौंड कोळशातून मिळणाऱ्या कार्याच्या जेमतेम पाचवा भाग! शिवाय जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. १८४२ मध्ये स्कॉटलंडच्या रॉबर्ट डेव्हिडसनने घटांवर चालणारे मोठे इंजिन रुळांवर आणले. त्याचा वेग ताशी सुमारे ६ किलोमीटर. ते टिकले नाही.

जूल मात्र हिशेब करीतच राहिला. कार्य आणि उष्णता यांचे नाते त्याने १८४३ पासून मोजले आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा पाया घातला. मोटरीला स्वस्त वीज मिळाली ती जनित्रामुळे. १८७९ च्या बर्लिन प्रदर्शनात सीमेन्सच्या छोट्या विद्युत गाडीने तीन डब्यांतून प्रवासी फिरवले.

आता वर्गातला हिशेब करू. समजा, मोटर मिनिटाला ६००० फेरे घेते आणि चाकाचा व्यास ५ सेंटिमीटर आहे. चाक थेट मोटरीच्या आसावर बसवले तर वेग सेकंदाला सुमारे १५.७ मीटर, म्हणजे ताशी ५६ किलोमीटर यायला हवा! प्रत्यक्षात गाडी जागची हलणार नाही, कारण मोटरीचा पीळ अपुरा पडतो. मोटरीवर ४ मिलिमीटरची आणि चाकाच्या आसावर ४० मिलिमीटरची कप्पी लावून रबरबँड चढवला, तर फेरे दहापट घटतात आणि पीळ घर्षणातली घट सोडून जवळजवळ दहापट वाढतो. मोटरीने तेवढेच फेरे टिकवले तर २० मीटर अंतर सुमारे १३ सेकंदांत कापले जाईल. घड्याळ लावल्यावर वेळ जास्तच भरेल. ही तफावत कुठून आली, हे विद्यार्थ्यांनी शोधावे.

म्हणून स्पर्धेत सर्वांना एकसारखे दोन नवे सेल द्यावेत, आणि पहिले येण्याबरोबरच त्या सेलांवर गाडी एकूण किती मीटर धावली यालाही गुण असावेत. सोबत वही मागावी: वजन किती, कप्प्या कोणत्या, काय बदलले, किती फरक पडला. बाजारातला तयार संच जोडून आणलेली गाडीही पळेल, पण तिची वही कोरीच असेल.