मज्जातंतूंचा रोग आणि पांढरा उंदीर

मुंबईंत अँटॉप हिलपासून थोड्याच अंतरावर, वडाळ्याला, कुष्ठरोग्यांचें एक जुनें रुग्णालय आहे. १८९० सालीं निराधार महारोग्यांचें आश्रयस्थान म्हणून तें माटुंग्याच्या हद्दींत सुरू झालें. तें उभारण्यांत पुढाकार घेणारे तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थ यांचें नांव त्याला पुढें कायमचें जडलें. हेच अ‍ॅक्वर्थसाहेब मराठी पोवाड्यांचे रसिक संग्राहक होते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्यानें त्यांनीं जमविलेले ऐतिहासिक पोवाडे १८९१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. रस्त्यावर भीक मागत फिरणाऱ्या महारोग्यास अन्न, वस्त्र व छप्पर मिळालें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. परंतु ही जागा तेव्हां शहराच्या वस्तीबाहेर होती, हेंही विसरतां येत नाहीं. दया होती, तशीच भीतिही होती.

ही भीति नुसत्या अज्ञानाची नव्हती. नॉर्वेंतील हान्सेन यांनीं या रोगाचा जंतु १८७३ सालींच पाहिला होता. रोग पूर्वजन्मींच्या पापाचा नव्हे आणि आनुवंशिकही नव्हे, हें त्यामुळें स्पष्ट व्हावयास हवें होतें. पण हा जंतु कांचेच्या नळींत वाढेना आणि कोणत्याही प्राण्यांत टिकून वाढल्याचें सिद्ध होईना. जो जंतु प्रयोगशाळेंत वाढत नाहीं, त्याच्यावर औषधाची पारख करावी तरी कशी? म्हणून कडू कवठाच्या तेलाखेरीज वैद्यांच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें. आणि १८९८ च्या कायद्यानें भिक्षेकरी महारोग्यास कोंडून ठेवण्याचा अधिकार मात्र सरकारास मिळाला.

लोकांची दृष्टि रोग्याच्या कातडीवर आणि झडलेल्या बोटांवर खिळलेली होती. रोगाचें खरें घर मात्र आंत, मज्जातंतूंत होतें. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं रोगाच्या अगदीं आरंभींच्या चट्ट्यांचे सूक्ष्म छेद तपासले. १९५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानें त्वचेंतील बारीक तंतूंशीं जंतूंचा संबंध किती आरंभापासून असतो, याकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें. प्रत्येक तंतूभोंवतीं आवरणपेशी असतात. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नांवानें त्या ओळखल्या जातात. हा जंतु त्यांच्यांतच बिऱ्हाड करतो. त्याला थंडावा मानवतो, म्हणून कोपर, घोटा व चेहरा येथील वरवर असलेले तंतू तो आधीं गांठतो. तंतु सुजतो, आपल्याच वेष्टनांत आवळला जातो आणि बधिर होतो. मग तापलेल्या तव्याचा चटका हाताला कळत नाहीं, पायांत रुतलेला खिळा पायाला कळत नाहीं. बोटें झडतात तीं रोगानें कुजून नव्हे. न कळलेल्या जखमा चिघळत गेल्यामुळें.

हें उमजल्यावर शल्यवैद्य पुढें सरसावले. वेल्लोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं १९४८ च्या सुमारास निकामी स्नायूंच्या जागीं धडधाकट स्नायूंचे कंडरे वळवून वांकड्या बोटांना पुन्हां काम करावयास लाविलें. मुंबईंत जे. जे. रुग्णालयांत डॉ. नोशिर अंतिया यांनीं हेंच कार्य चालविलें. सुजलेल्या तंतूचें वेष्टन चिरून त्याच्यावरील दाब हलका करण्याची शस्त्रक्रियाही या काळांत रूढ झाली. तथापि शस्त्रानें जंतु मरत नाहीं. त्यासाठीं औषध हवें, आणि औषधाची पारख करण्यास एखादा प्राणी हवा.

तो प्राणी १९६० सालीं सांपडला. अमेरिकेंतील चार्ल्स शेपर्ड यांनीं उंदराच्या पायाच्या तळव्यांत जंतु टोंचले. शरीराहून थंड असलेल्या त्या जागीं ते वाढले. त्यांची वाढ इतकी मंद, कीं दुप्पट होण्यास सुमारें तेरा दिवस लागत. एकेका प्रयोगास कित्येक महिने बसावें लागे. पण आतां औषधाची परीक्षा शक्य झाली. १९६४ सालीं मलायांतील रोग्यांचे जंतु डॅप्सोन या औषधाला दाद देत नाहींत, हें याच तळव्यावर सिद्ध झालें. एकच औषध वर्षानुवर्षें देण्यांतील धोका तेथें उघड झाला, आणि १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटानें अनेक औषधें एकत्र देण्याची शिफारस केली. त्यांतील रिफाम्पिसिन हें जंतूच्या जनुकांचें वाचनच थांबवितें. अंतियांनीं १९७५ सालीं मुंबईंत स्थापिलेल्या वैद्यकीय संशोधन संस्थेंतही रोग्यांच्या तंतूंबरोबर पांढऱ्या उंदरांचे तंतू तपासले गेले.

जनुकांचें वाचन म्हणजे काय, हें पोथीच्या दृष्टान्तानें कळेल. शरीराच्या बहुतेक प्रत्येक पेशींत सगळी पोथी असते, पण प्रत्येक पेशी आपल्या कामापुरतीं पानें वाचते. लंडनमधील संशोधकांनीं २०१२ सालीं असे उंदीर वापरले, कीं टॅमॉक्सिफेन हें औषध देतांच त्यांच्या आवरणपेशींत एक ठराविक संदेश सुरू व्हावा. तंतु कापला नव्हता कीं चिरडला नव्हता. तरी आवरणपेशींनीं जखम झाल्याप्रमाणें आपलें वेष्टन टाकलें आणि उंदरांची चाल बिघडली. औषध थांबविल्यावर ती सुधारली. पुढच्याच वर्षीं एडिंबरो येथील संशोधकांनीं दाखविलें कीं कुष्ठाचा जंतुही उंदराच्या आवरणपेशींचीं नेहमींचीं पानें मिटवितो, बाल्यावस्थेंतील पानें उघडतो आणि अशा बदललेल्या पेशींवर स्वार होऊन शरीरांत पसरतो. जंतु नुसता बिऱ्हाडकरू नाहीं. घराची व्यवस्थाच तो पालटतो.

आज औषधें मोफत मिळतात. रोगाच्या प्रकाराप्रमाणें सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पुरे होतात. २००५ च्या अखेरीस भारतांत या रोगाचें प्रमाण दहा हजारांत एकाहून खालीं आलें. तरीही येथें दरवर्षीं सुमारें एक लाख नवे रोगी आढळतात. औषधानें जंतु मरतो, पण फार काळ मेलेला तंतु औषधानें जिवंत होत नाहीं. म्हणून अंगावर फिकट वा लालसर चट्टा दिसला आणि तेथें कापसाचा स्पर्श कळेनासा झाला, तर त्याच आठवड्यांत दवाखाना गांठला पाहिजे. रोगी ते दिवस दवडतो तो बहुधा आळसानें नव्हे. चट्टा दाखविला तर शेजारी दूर सरतील, मुलीचें लग्न मोडेल, या धाकानें तो सदऱ्याची बाही खालीं ओढतो. शहराच्या वेशीबाहेर जागा शोधणारी १८९० ची भीति ती हीच. तंतूच्या आंत काय घडतें, हें उंदरानें माणसाला दाखविलें. बाही वर करण्याचा धीर रोग्याला द्यावयाचा, तें काम मात्र शेजाऱ्यांचें आहे.