उघडलेला कॅमेरा

2012 च्या सप्टेंबरमध्ये निकॉनने डी600 हा कॅमेरा आणला. 24 मेगापिक्सेल, जुन्या 35 मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर, आणि अशा सेन्सरच्या इतर कॅमेऱ्यांच्या मानाने किंमत कमी. हौशी लोक खूश झाले. मग काही जणांच्या लक्षात आलं की मोकळ्या आकाशाचा फोटो काढला की वरच्या डाव्या कोपऱ्यात काळपट ठिपके दिसतात. सेन्सर पुसला की ठिपके जायचे आणि आणखी काही फोटो काढले की परत यायचे. बोट शटरकडे दाखवलं जाऊ लागलं.

2013 च्या फेब्रुवारीत निकॉनने ठिपक्यांची तक्रार मान्य करून सफाईचा सल्ला दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डी610 आला. जवळपास तोच कॅमेरा, शटर मात्र नवं. ज्यांनी वर्षभरापूर्वीच डी600 घेतला होता त्यांना काय वाटलं असेल ते सांगायला नको. 15 मार्च 2014 ला, जागतिक ग्राहक हक्क दिनी, चीनच्या सरकारी वाहिनीने हे प्रकरण उचललं. त्याच महिन्यात निकॉनने जाहीर केलं की वॉरंटी संपली असली तरी डी600 चं शटर फुकट बदलून मिळेल.

आज जुन्या बाजारात दोन डी600 शेजारी शेजारी ठेवले, एक कधीही न उघडलेला आणि एक शटर बदललेला, तर कोणता घ्यावा? ‘न उघडलेला’ हे उत्तर आपल्या तोंडावर असतं. डी600 चा इतिहास नेमकं उलट सांगतो.

हा प्रश्न सध्या माझ्या खिशाशी येऊन थांबला आहे. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होईल आणि यंदा मी एका फोटोग्राफरच्या हाताखाली दुसरा कॅमेरा सांभाळणार आहे. साठवलेले 30,000 रुपये आहेत. समोर एकाच मॉडेलचे दोन जुने डीएसएलआर आहेत, डी600 नव्हेत. एक 30,000 ला, ‘स्क्रूला हातही लागलेला नाही’ या बोलीवर. दुसरा 23,000 ला, सोबत दोन बिलं. पहिल्यात शटर बदललं आहे. दुसऱ्यात, कॅमेरा पडल्यामुळे, माउंट बदललं आहे, म्हणजे लेन्स जिथे फिरवून बसवतात ती धातूची कडी. घरात एकमत आहे: दुरुस्त केलेली वस्तू म्हणजे दुसऱ्याचं दुखणं पैसे देऊन घरी आणणं. त्यांची भीती खोटी नाही. अंतरपाट बाजूला होत असताना कॅमेरा बंद पडला, तर ते लग्न माझ्यासाठी पुन्हा लागणार नाही.

ही भीती आपण फोनवरून शिकलो आहोत. जुना फोन घेताना पहिला प्रश्न असतो, ‘ओपन झालाय का?’ फोन उघडला म्हणजे स्क्रीन डुप्लिकेट असू शकते, पाणी अडवणारं सील गेलेलं असू शकतं. कॅमेऱ्याचं घराणं मात्र वेगळं. फिल्म कॅमेरे पिढ्यानपिढ्या उघडले गेले, साफ झाले, पुन्हा जोडले गेले. शिवाय त्यांच्यात प्रकाश टिपणारा भाग, म्हणजे फिल्म, दर फोटोला नवा असायचा. आजोबांच्या कॅमेऱ्यात आजची फिल्म घातली की त्याचा डोळा ताजा.

1975 मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. 0.01 मेगापिक्सेलचा एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला 23 सेकंद लागायचे. त्या दिवसापासून फिल्मची जागा सेन्सरने घेतली आणि सेन्सर कॅमेऱ्याच्या पोटात कायमचा बसला. कॅमेऱ्याबरोबर डोळाही म्हातारा होऊ लागला.

2005 मध्ये हे जगाला एकदम कळलं. सोनीने बनवलेले काही सीसीडी सेन्सर उष्ण आणि दमट हवेत बिघडू लागले. आतल्या बारीक तारेचा जोड सुटायचा आणि फोटो वेड्यावाकड्या रंगांचा, नाहीतर सरळ काळा यायचा. हे सेन्सर फक्त सोनीच्या कॅमेऱ्यांत नव्हते. कॅनन, निकॉन, फुजीफिल्म, कोनिका मिनोल्टा, एकामागून एक कंपन्यांना फुकट दुरुस्तीची घोषणा करावी लागली.

उष्ण आणि दमट हवा म्हणजे आमच्या मुंबईचं निम्मं वर्ष. तेव्हाच्या अशा एखाद्या कॅमेऱ्याबद्दल कुणी ‘हात लागलेला नाही’ असं म्हटलं असतं, तर त्याचा अर्थ ‘अजून बिघडायचा आहे’ असाही होऊ शकला असता. न उघडलेला आणि निरोगी हे दोन वेगळे शब्द आहेत. त्याच वर्षी आलेल्या कॅननच्या 5डी मध्ये पुढे आरशाचा डिंक सुटून आरसाच निखळण्याचे प्रकार घडले. कॅननने आरसा फुकट पक्का करून दिला. ते काम झालेला 5डी हा काम न झालेल्यापेक्षा बरा.

पण प्रत्येक दुरुस्तीने प्रश्न मिटतो असंही नाही. लायकाचा एम9 2009 मध्ये आला. नवा घ्यायला लाखो रुपये लागायचे. त्याच्या सेन्सरवरची काच हळूहळू गंजल्यासारखी खराब होऊ लागली आणि फोटोंवर डाग उमटू लागले. लायकाने अनेक वर्षं सेन्सर बदलून दिले. 2020 मध्ये सांगितलं, आता हे सेन्सर शिल्लक नाहीत. त्यानंतर जुना एम9 घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘दुरुस्त झालाय का?’ हा नसतो, ‘सेन्सर कोणता बसवलाय?’ हा असतो. कोनिका मिनोल्टाने तर 2006 मध्ये कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला. कॅमेरा चांगला असून भागत नाही, तो उघडून पुन्हा बंद करू शकणारं कुणीतरी जगात उरावं लागतं.

या चार गोष्टी शेजारी ठेवून मी दोन्ही बिलं पुन्हा वाचली.

शटर हा झिजणारा भाग आहे, सायकलच्या ब्रेकच्या रबरासारखा. डी600 चं शटर 1,50,000 वेळा उघडझाप करून तपासलेलं होतं, यावरून त्याच्या आयुष्याचा अंदाज येतो. ते अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बदललं असेल तर ती माझ्या बाजूची गोष्ट आहे. फक्त फोटोंच्या मोजणीचा आकडा बिलाच्या तारखेशी ताडून बघायला हवा, कारण शटर बदलल्यावर तो जुनाच चालू असेल किंवा शून्यापासून सुरू झालेला असेल.

पडण्याची गोष्ट वेगळी. तिथे दोष कारखान्याचा नसतो आणि सगळं दुरुस्त करणाऱ्या हातावर अवलंबून असतं. कडी केसभर तिरकी बसली तरी फोटोची एक बाजू पुसट येते. म्हणून मी वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवलं, कॅमेरा समोर सरळ धरला आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून वाचली. सारखी होती. छिद्र बारीक करून मोकळ्या आकाशाचा फोटो काढला. ठिपके नव्हते.

तिसरी गोष्ट पाण्याची. ती बहुधा बिलावर येतच नाही. भिजलेला कॅमेरा वाळवला तर चालतो, पण गंज आत बसून काम करत राहतो. म्हणून दोन्ही कॅमेऱ्यांचे स्क्रू, बॅटरीचा कप्पा आणि कार्डाची खाच टॉर्च लावून पाहिली. बिलांच्या कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ. ‘हात न लागलेल्या’च्या बॅटरीच्या कप्प्यात एका पट्टीवर हिरवट कड होती. ती घामाने आली असेल, दमट कपाटाने आली असेल, कुणास ठाऊक. विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. लिहून ठेवलेलं काहीच नव्हतं.

शेवटी सर्व्हिस सेंटरला फोन केला. या मॉडेलचं शटर आणि मुख्य बोर्ड अजून मिळतात, पुढच्या वर्षीची खात्री नाही. मग हिशेब सोपा झाला. 23,000 चा कॅमेरा घ्यायचा आणि उरलेले 7,000 खर्चायचे नाहीत, पुढच्या बिलासाठी बाजूला ठेवायचे. हंगामात तो तेवढा चालला की बास. आणि दोन्ही जुनी बिलं कॅमेऱ्याच्या पिशवीतच ठेवायची. कधीतरी मीही हा कॅमेरा विकेन, तेव्हा घेणाऱ्याला काय काय झालंय ते माझ्या शब्दावर ठेवायला लागू नये.