पदर उलटून बघा

उमेळ्यात आमच्या आळीत कुणाकडे लग्न ठरलं की बस्ता बांधायला मला बरोबर नेतात. कारण एकच, पैठणी दाखवली की मी आधी पदर उलटते. हातमागावर मोर, कमळ, आसावलीचा एकेक रंग वेगळ्या तिल्लीवरच्या, म्हणजे छोट्या कांडीवरच्या, धाग्याने जागच्या जागी गुंफतात. म्हणून नक्षी मागूनही पुढच्याइतकीच साफ दिसते. यंत्रमागावरच्या बहुतेक पदरांना मागे मोकळे नाहीतर कापलेले धागे असतात.

दुकानदार ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ ऐकवतो. पैठण ही सातवाहनांची राजधानी, हे खरंच. पण पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात पैठणहून भडोचला गाड्या भरून जातात ते अकीकसारखे खडे. कापड आणि मलमल जाते ती तेर या गावाहून. जरीकाठी पैठणीला राजाश्रय लाभला तो पुढे पेशवाईत आणि निजामाकडे. तिचे माग आज मुख्यतः येवल्यात आहेत.

लग्नात तिचं स्थानही नेहमी असं नव्हतं. बोहल्यावर नवरी अष्टपुत्री या पिवळ्या सुती साडीत उभी राहायची; शालू-पैठणी परवडायची ती सधन घरांना. आता मागणी घरोघर आहे, आणि मागणीबरोबर नक्कलही आली.

म्हणून कायदा लागला. भौगोलिक निर्देशनाचा (जीआय) कायदा 1999 चा, अमलात आला 15 सप्टेंबर 2003 ला. आमच्या पालघरच्या वारली चित्रांना आणि घोलवडच्या चिकूला तो लागू आहे, तसाच पैठणीलाही; बनारसी शालूची नोंद 2009 ची. खोटं निर्देशन लावून माल विकला तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. पण हा कायदा राखतो ते नाव. ‘सेमी पैठणी’ म्हणून यंत्रमागाचा माल राजरोस खपतो, आणि महिनोन्‌महिने मागावर बसणाऱ्या विणकराला त्याच गर्दीत आपला भाव मागावा लागतो.

म्हणून बस्त्याला जाल तेव्हा पदर उलटा आणि बिलावर ‘हातमागाची पैठणी’ असं लिहून मागा. दुकानदार लिहायला कां-कूं करू लागला, तर हातमागाचा भाव देऊ नका.