जुन्या ऑर्गनची राखण : प्रस्तावना

चर्चमधला पाइप ऑर्गन आणि संगीत नाटकातला पायांनी वाजवायचा ऑर्गन ही वाद्ये दिसायला वेगळी असली, तरी दोन्हींचा प्राण हवा आहे. पाइप ऑर्गनमध्ये दाबाखालची हवा नळ्यांत घुमते. नाटकातल्या ऑर्गनमध्ये पायांनी भाता रिकामा होतो आणि बाहेरची हवा पितळी रीडमधून आत ओढली जाते. महाराष्ट्रात दुसऱ्या प्रकारची वाद्ये अधिक सापडतात, म्हणून या पुस्तकाची सुरुवात तिथून केली आहे.

१८४२ मध्ये पॅरिसमध्ये द्बेन यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले. पुढे याच कुळातली वाद्ये मिशनऱ्यांच्या प्रार्थनेत आणि आपल्या रंगभूमीवर रुळली. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत तिरखवाँसाहेबांचा तबला, कादरबक्ष यांची सारंगी आणि ऑर्गन यांच्या साथीने नाट्यपद रंगत असे. त्या गायकीचा इतिहास आपण ध्वनिमुद्रिकांत जपतो. तो ज्या लाकडातून आणि पितळेतून उमटला, तेही जपायला हवे.

आमच्या नागपुरात जपण्याचे हे काम कठीण होते ते हवेमुळेच. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसकडे जातो, लाकूड आकसते, फळ्यांचे सांधे उघडतात आणि भाता हवा धरत नाही. त्याच खोलीत कूलर लावला किंवा पावसाळा आला, की लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. वाद्य बिघडले असे वाटते. प्रत्यक्षात ते ऋतूला उत्तर देत असते. त्यामुळे दोष ठरवण्याआधी खोलीची हवा पाहावी.

या अभ्यासाचे मुख्य सूत्र एकच : आज आपण केलेले काम उद्याच्या कारागिराला उलगडता आले पाहिजे. म्हणूनच सांधे सरसाने जोडायचे. सरस ऊब आणि ओलावा देऊन सोडवता येतो. फेव्हिकॉलने बसवलेली फळी काढताना लाकूडच फाटते. रीडच्या बाबतीत तर अधिक जपावे लागते. टोकाकडचे पितळ खरवडले की सूर चढतो, मुळाकडचे खरवडले की उतरतो; पण गेलेले पितळ परत येत नाही. बेसूर रीड दिसताच कानस उचलू नये. आधी मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, रीड नीट बसली आहे का पाहावे, मग कान लावावा. पुष्कळदा तेवढ्यानेच सूर जागेवर येतो.

या क्षेत्रात सुताराचा हात, कातडे जाणणाऱ्याची नजर, वादकाचा कान आणि अभ्यासकाची टिपणवही या सगळ्यांची गरज आहे. यांपैकी एकच गोष्ट आपल्याजवळ असेल, तरी निःसंकोच यावे. पुढची प्रकरणे भात्यापासून रीडपर्यंत, हवेच्या वाटेच्या उलट दिशेने लावली आहेत. चर्चमध्ये, नाट्यसंस्थेच्या कोठीत किंवा घरी जुना ऑर्गन असेल, तर पहिला स्क्रू सोडवण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्या, प्रत्येक रीडची जागा लिहून ठेवा. वाद्य सुधारण्याची पात्रता या नोंदीपासून येऊ लागते.

रामदासपेठ, नागपूर